लक्ष्मणराव किर्लोस्कर : माणसं घडवणारा कारखानदार



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिही, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. त्यांच्याबरोबर आपल्या वर्गातला, दहावीत गणितात राहिलेला एक मित्रही आठवला. त्याचं नाव लिहीत नाही. आपल्या १९९६ च्या बॅचला ते सांगावंही लागणार नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत त्यांचं मन रमलं नाही. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत असं निघालं. रंग सुटले, रेषा राहिली. यंत्रांची ड्रॉइंग्ज शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले. पुढे बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान चालवू लागले.

त्यातूनच कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर निघाला. लोखंडामुळे जमीन नासते, असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पण लक्ष्मणरावांनी नांगरात सुधारणा करणं सोडलं नाही.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

आता खरा प्रश्न होता माणसांचा. मुंबईचा तयार कारागीर या माळावर कशाला येईल? लक्ष्मणरावांनी तयार माणूस शोधण्यापेक्षा जवळ असलेला माणूस तयार केला. शिक्षण अर्धवट राहिलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. परीक्षेत यश न मिळालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. शंभूराव जांभेकरांच्या हातातली कसब कारखान्याच्या कामी आली. आसपासच्या खेड्यांतली, यंत्र कधी न पाहिलेली माणसं ओतकाम आणि लेथ शिकली. शिक्षा भोगून आलेल्यांवरही त्यांनी राखणीची जबाबदारी सोपवली. कामगारांसाठी घरं बांधली, वसाहत वसवली. मुलगा शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून पदवी घेऊन आला, तोवर विनापदवीच्या माणसांनी कारखाना नावारूपाला आणला होता. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

मी पुण्यात कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. मशीन कर्जावर मिळतं, पण चालवणारा हात मिळत नाही, ही तक्रार तिथे रोज ऐकते. मागच्या दिवाळीत परभणीला आले, तेव्हा एमआयडीसीतल्या आपल्या या मित्राच्या वर्कशॉपवर गेले. दोन लेथ, त्यातलं एक कापडाखाली झाकलेलं. आयटीआय झालेली पोरं पुण्या-संभाजीनगरला जातात, आणि जी गावात राहतात त्यांच्या आईवडिलांना बसून करायची नोकरी हवी असते. याला मात्र शिकवायची फार हौस. तासभर त्याने मला मायक्रोमीटर धरायला शिकवलं. मी इंजिनिअर असून माझा हात थरथरत होता.

नववीत विज्ञान प्रदर्शनात माझ्या पवनचक्कीला पहिला नंबर मिळाला होता, हे सरांना आठवत असेल. तिची पाती आणि दांडा त्याने एका रात्रीत बसवून दिला होता. प्रमाणपत्रावर मात्र नाव एकट्या माझं लागलं, आणि मी गप्प राहिले.

तो आजवर एकाही मेळाव्याला आलेला नाही. शिकलेल्यांत आपलं काय काम, असं त्याला वाटतं. आपल्या शाळेच्या नववी-दहावीच्या मुलामुलींना रविवारी लेथवर शिकवायला तो तयार आहे. शाळेने आणि आपण त्याला बोलवायला हवं, एवढंच. गुरुजनांनी हे मनावर घ्यावं, ही विनंती.

मेळाव्याच्या सकाळी मी त्याला आणायला वर्कशॉपवर जाणार आहे. ते प्रमाणपत्रही बरोबर नेणार आहे.