क्लॅरोनेटचं तोंड जपून ठेवता येतं, पन्नालाल घोषांच्या बासरीचं काय करणार?

मुलुंडमध्ये लग्नाची वरात निघाली की बँडमधल्या क्लॅरोनेटवाल्याकडे नीट बघा. वाजवून झालं की तो वाद्याचं काळं तोंड, म्हणजे माउथपीस, काढतो, पुसतो आणि वेगळं ठेवतो. क्लॅरोनेटचा आवाज तिथंच घडतो. म्हणूनच जगभरातले वादक आणि संग्राहक जुन्या एबोनाइटच्या माउथपीसच्या मागे लागलेले असतात. पॅरिसचे शेडव्हिल, शिकागोचे कॅस्पर ही त्यातली मोठी नावं. बनवणारे केव्हाच गेले, पण त्यांच्या हातचा माउथपीस आजही दुसऱ्याच्या क्लॅरोनेटवर चढवता येतो.

बासरीत ही सोयच नाही. तिचं तोंड म्हणजे बांबूला पाडलेलं एक भोक. बांबू तडकला, विषय संपला.

आणि याच बांबूसाठी एका माणसानं अख्खं आयुष्य घातलं. पन्नालाल घोष.

जन्म 1911 चा, आजच्या बांगलादेशातल्या बारिसालचा. खरं नाव अमलज्योती. वडील सतार वाजवायचे. धाकटा भाऊ निखिल घोष पुढे मोठा तबलावादक झाला, मुंबईत संगीत महाभारती ही संस्था त्यानंच काढली. पन्नालाल मात्र तरुणपणी व्यायामशाळेत रमणारा आणि बॉक्सिंग करणारा गडी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कोलकात्यात न्यू थिएटर्समध्ये काम करून ते 1940 मध्ये मुंबईत आले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा 1942 चा 'बसंत' गाजला, त्याच्या संगीतावर नाव पन्नालाल घोषांचं होतं. त्यात त्यांचे मेहुणे अनिल विश्वास यांचाही हात होता, पण करारात अडकल्यामुळे त्यांचं नाव आलं नाही. याच सिनेमात मधुबाला बालकलाकार म्हणून दिसली होती. (मुलुंडहून मालाडला जायचं म्हणजे दादरला गाडी बदला. त्या स्टुडिओच्या जागेवर आता कारखान्यांचे गाळे आहेत.)

पण पन्नालालांच्या डोक्यात सिनेमापेक्षा वेगळंच काहीतरी चाललेलं. तेव्हाची बासरी आखूड, आवाज बारीक. लोकगीताला झकास, सिनेमाच्या गाण्यात तर लागणारच. पण राग मांडायचा म्हटलं की खर्जात उतरावं लागतं, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जावं लागतं. तिथं ती बासरी तोकडी पडायची. सतार, सरोदच्या शेजारी तिला बसवणार कोण?

मग त्यांनी वेगवेगळ्या नळ्या वापरून पाहिल्या आणि शेवटी बांबूवरच आले, पण जवळजवळ 32 इंच लांब. नळी लांब, रुंद झाली की आवाज खाली उतरतो, भारदस्त होतो. पण भोकं लांब लांब जातात, बोटं ताणावी लागतात. फुंकही जास्त लागते आणि ती मिनिटामिनिटाला तुटून चालत नाही. व्यायामशाळेत कमावलेली छाती इथं उपयोगी पडली असणार, असं मला तरी वाटतं.

त्यांचा पुढचा उद्योग तर जास्तच भारी. सहा भोकांच्या बासरीवर सगळी बोटं झाकली की खालचा पंचम मिळतो, त्याच्या खाली रस्ता बंद. पन्नालालांनी खाली सातवं भोक पाडलं, करंगळीसाठी. ते झाकलं की खालचा तीव्र मध्यम हाती येतो. यमनसारख्या रागात हा स्वर किती महत्त्वाचा, हे गाणाऱ्याला सांगायला नको.

सिनेमात नाव झालेला हा माणूस 1947 मध्ये, पस्तिशी उलटल्यावर, अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिष्य म्हणून गेला. 1956 मध्ये दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाची जबाबदारी घेतली. दिवाळीवरून नाव घेतलेला दीपावली, नूपुरध्वनी असे नवे रागही त्यांच्याच नावावर आहेत.

20 एप्रिल 1960 रोजी दिल्लीत हृदयविकारानं ते गेले. वय पन्नाशीच्याही आत.

मागे राहिल्या तबकड्या आणि आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं. जुन्या तबकड्यांचे शौकीन ती आजही शोधतात. पण वादकाला तबकडीचा काय उपयोग? त्याला माप हवं. ते माप शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांच्याकडे गेलं, त्यांच्याकडून नित्यानंद हळदीपुरांसारख्या शिष्यांकडे.

हरिप्रसाद चौरसियांची बासरी सहा भोकांची. नवा शिकणारा बहुतेक तीच घेतो. पुढच्या वेळी एखाद्या मैफिलीत वादकाची खालच्या हाताची करंगळी हलताना दिसली, तर ती पन्नालालांच्या भोकावर आहे.