स्कॉट पाद्री आणि जोडे शिवणारा मुलगा

डॉ. विल्यम केरी यांचें नांव मराठी वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश हे दोन ग्रंथ त्यांनीं श्रीरामपूर येथें छापून प्रसिद्ध केले. हें श्रीरामपूर आपल्याकडील नव्हे, बंगाल्यांतील हुगळीकांठचें. कोशांतील मराठी शब्द मोडी ठशांनीं छापलेले आहेत. म्हणजे ज्या लिपींत आमच्या व्यापारी वाचकांच्या पणज्यांनीं आपल्या खातेवह्या लिहिल्या, त्याच लिपींत. हें काम करणारा गृहस्थ तरुणपणीं जोडे शिवीत असे, आणि त्याच्या मनाची घडण ज्यांच्या सहवासानें झाली त्यांत एका खेड्यांतील पाद्र्याचा वांटा मोठा होता. त्या पाद्र्याविषयीं आज दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

केरी यांचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांत नॉर्दॅम्प्टन परगण्यांतील पॉलर्सपुरी या खेड्यांत झाला. बाप प्रथम विणकर, पुढें गांवचा शाळामास्तर. मुलास उन्हानें त्वचेचा विकार जडे, सबब शेतांतील मजुरी सोडून तो जोडे शिवण्याच्या धंद्यांत उमेदवार म्हणून राहिला. नाताळांत गिऱ्हाइकांकडून बक्षिशी मागण्याचा उमेदवारांचा प्रघात होता. एका लोखंडसामानाच्या व्यापाऱ्यानें त्यास एक शिलिंग दिला. तो खोटा निघाला. आपल्या खरेदींत तो मालकाच्या पैशांतला म्हणून खपवावा असा बेत मुलानें केला, आणि हें खोटें पचावें म्हणून देवाची प्रार्थनाहि केली! लबाडी उघडकीस आली. त्या लाजेनें गांवांत तोंड दाखविणें त्यास जड झालें. हा प्रसंग पुढें केरी यांनीं स्वतःच लिहून ठेविला आहे. पेढीवर बसणारांस यांतील मर्म सांगण्याची गरज नाहीं.

याच मनःस्थितींत असतां हॅकल्टन गांवीं थॉमस ओल्ड या मालकाच्या घरीं थॉमस स्कॉट नांवाचे पाद्री अधूनमधून येत. कामाचा पट्टा अंगावर तसाच ठेवून हा मुलगा खोलींत येई, लक्ष देऊन ऐके, आणि क्वचित् एखादा नेमका प्रश्न विचारी. स्कॉट त्यास उत्तर देत. हा पोरगा सामान्य राहणार नाहीं असें त्यांच्या मनानें तेव्हांच घेतलें.

हे स्कॉट कोण? लिंकनशायरांतील गुरें पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. एका वैद्याकडील उमेदवारींतून काढून टाकलेला, वर्षानुवर्षें बापाच्या शेतावर मेंढरांमागें राबलेला. १७७२ सालीं पाद्रीपद मिळालें तेव्हां त्यांत पोटाचाच विचार अधिक होता, असें त्यांनीं पुढें कबूल केलें. त्यांच्याच हद्दींतील एक नवराबायको मरणाच्या दारीं असतां शेजारच्या ऑल्नी गांवचे पाद्री जॉन न्यूटन त्यांस भेटून गेले. स्कॉट मात्र गेले नव्हते. ही गोष्ट त्यांच्या मनास लागून राहिली. हे न्यूटन पूर्वी गुलामांचीं जहाजें चालवीत! पुढील कांहीं वर्षांत स्कॉट यांचीं मतें पालटलीं, व तो वृत्तांत त्यांनीं १७७९ सालीं छापला. स्वतः ठेच खाल्लेला असा उपदेशक खोट्या शिलिंगानें लाजलेल्या मुलास भेटला.

येथें आम्हांस थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. कातड्याचें काम करणाऱ्याच्या मुलाजवळ बसून, त्याच्या शंकेस मान देऊन उत्तर देणारे किती शास्त्री, पुराणिक व महाराज आमच्या गांवोगांवीं झाले? चोखोबांचे अभंग डोक्यावर घेऊन नाचणारा आमचा समाज त्यांच्या जातभाईंस देवळाच्या पायरीखालींच ठेवीत आला. स्कॉट यांचें मोठेपण व्याख्यानांत जितकें होतें तितकेंच त्या खोलींत होतें. आणखी एक : केरी हे इंग्लंडच्या राजमान्य पंथांतून बाहेर पडले, १७८३ सालीं नेन नदींत बाप्तिस्मा घेऊन बाप्तिस्त झाले. स्कॉट जन्मभर राजमान्य पंथांतच राहिले. तथापि शिष्याची कृतज्ञता आटली नाहीं. आपल्या अंतःकरणांत ईश्वराचें कांहीं कार्य झालें असेल तर त्याचें बरेंच श्रेय आरंभीं ऐकलेल्या स्कॉट यांच्या उपदेशास आहे, असें केरी यांनीं पुढें लिहिलें.

पुढील चरित्र सर्वश्रुत आहे. १७९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले. त्यांचा मूळ हेतु धर्मप्रसाराचा होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं, व तो सर्वांस रुचेल असेंहि नाहीं. पत्नी डॉरथी हिचे हाल तर त्यांच्या चाहत्यांनींहि झांकूं नयेत : १७९४ सालीं मुलगा गेल्यावर तिच्या बुद्धीस भ्रंश झाला, आणि १८०७ सालीं ती त्याच स्थितींत वारली. परंतु फोर्ट विल्यम कॉलेजांत त्यांनीं बंगाली व संस्कृताबरोबर मराठीहि शिकविली, आणि मराठी ग्रंथांच्या कामीं वैजनाथ पंडितांचें साहाय्य घेतलें. १८२९ च्या डिसेंबरांत सतीबंदीचा कायदा भाषांतरासाठीं हातीं आला तो रविवारीं. विलंबानें एखादी विधवा जळेल म्हणून त्यांनीं त्या दिवसाचें प्रवचन दुसऱ्यावर सोंपविलें व संध्याकाळपर्यंत बंगाली तर्जुमा पुरा केला. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपुरासच त्यांचा अंत झाला.

स्कॉट त्यापूर्वींच, १८२१ सालीं, अ‍ॅस्टन सँडफर्ड या लहानशा खेड्यांत वारले. बायबलावरील त्यांची टीका इंग्लंड-अमेरिकेंत घरोघर गेली, पण तिच्या छपाईनें ते कर्जांत बुडाले. हिंदुस्थान त्यांनीं कधीं पाहिला नाहीं.