आकाशगंगेची गाडी आणि खतांचा मास्तर

अ‍ॅनिमे बघून तुम्ही कधी रडलायत? खोटं नका बोलू, इथे कुणी बघत नाहीये. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ संपल्यावर अर्धा तास नुसतं भिंतीकडे बघत बसलेली माणसं आपल्या सगळ्यांच्याच ग्रुपमध्ये असतात. ‘युअर नेम’च्या शेवटी उशीत तोंड खुपसणारीही असतात. पण आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय, तो असा ढसाढसा रडवत नाही. तो संपतो, पडद्यावर नावं सरकायला लागतात, आणि आत काहीतरी हललंय एवढंच जाणवतं. काय ते दोन दिवसांनी कळतं, बसमध्ये खिडकीशी बसलेले असताना वगैरे.

सिनेमाचं नाव ‘नाइट ऑन द गॅलॅक्टिक रेलरोड’. साल 1985, दिग्दर्शक गिसाबुरो सुगी, संगीत हारुओमी होसोनो यांचं. यातली मुख्य पात्रं चक्क मांजरं आहेत. निळं मांजर म्हणजे जोव्हान्नी, लालसर मांजर म्हणजे कांपानेल्ला. जोव्हान्नी गरीब घरातला. बाप समुद्रावर गेलाय तो परतलाच नाही, आई आजारी, शाळेतली पोरं चिडवतात. शाळा सुटली की हा छापखान्यात खिळे वेचायला जातो. गावात ताऱ्यांचा उत्सव असतो त्या रात्री तो एकटाच टेकडीवर जाऊन पडतो, आणि अचानक एका आगगाडीत असतो. समोर कांपानेल्ला. गाडी धावतेय आकाशगंगेच्या काठाकाठाने.

पुढे स्पॉइलर आहे, पण तो सांगितल्याशिवाय आजची गोष्ट पुढे सरकणार नाही. गाडीत चढणारे बरेचसे प्रवासी मेलेले असतात. हिमनगावर आपटून बुडालेल्या जहाजातली दोन मुलं आणि त्यांचे शिक्षकही त्यांच्यात असतात. हळूहळू सगळे उतरून जातात. शेवटी जोव्हान्नी मित्राला म्हणतो की आपण दोघं कायम बरोबर राहू, वळून बघतो, तर जागा रिकामी. टेकडीवर जाग येते. धावत गावात जातो तेव्हा कळतं की पाण्यात पडलेल्या एका पोराला वाचवायला कांपानेल्लाने नदीत उडी मारली होती, आणि तो वर आलाच नाही. नदीकाठी कांपानेल्लाचे वडील हातात घड्याळ धरून उभे असतात. पंचेचाळीस मिनिटं झाली, आता आशा नाही, एवढं ते शांतपणे सांगतात. बस.

ही गोष्ट ज्याने लिहिली तो माणूस सिनेमा यायच्या बावन्न वर्षं आधीच गेला होता. केन्जी मियाझावा त्याचं नाव. (हायाओ मियाझाकी वेगळे बरं का. दरवेळी गोंधळ होतो.) आज जपानमध्ये तो शाळेच्या पुस्तकात आहे. जिवंत असताना मात्र त्याच्या गावाबाहेर त्याला जवळपास कुणी ओळखत नव्हतं.

केन्जीचा जन्म 27 ऑगस्ट 1896 चा, ईशान्य जपानमधल्या इवाते प्रांतात, हानामाकी नावाच्या गावात. त्याच्या जन्माच्या दोन महिने आधी त्याच किनाऱ्यावर प्रचंड त्सुनामी येऊन गेली होती. हा प्रदेशच तसा. उन्हाळ्यात समुद्रावरून थंड वारं सुटलं की भात पोसायचंच नाही, शेतकऱ्याचं वर्ष बुडायचं. आणि अशा गावात केन्जीच्या वडिलांचा धंदा काय, तर गहाणवटीचा आणि जुन्या कपड्यांचा. म्हणजे बघा, पीक बुडालं की शेतकरी घरातलं काहीबाही घेऊन यांच्याच दुकानात येणार. गावाचं वाईट वर्ष ते दुकानाचं चांगलं वर्ष. या पैशावर आपण शिकतोय ही टोचणी केन्जीला लहानपणीच लागली, आणि ती शेवटपर्यंत गेली नाही.

पोरगा होता भारी. डोंगर हिंडायचा, दगड गोळा करायचा, इतका की घरातले त्याला दगडांवरूनच हाक मारायचे. पुढे मोरिओकाच्या शेती आणि वनशास्त्राच्या कॉलेजात गेला. माती, खनिजं, रसायनं हा त्याचा विषय. साधारण याच वयात त्याने मांस-मासे सोडले. वडिलांची इच्छा, थोरल्याने दुकान सांभाळावं. तिथून ठिणगी पडली. त्यात धर्माचीही भर. वडील एका बौद्ध पंथाचे, मुलाने दुसरा धरला. केन्जीला वेड लागलं होतं सद्धर्मपुंडरीक सूत्राचं, म्हणजे मूळचा आपल्याकडचाच संस्कृत ग्रंथ, चीनमार्गे जपानला गेलेला. सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेत सुरुवातीला जो जपानी बौद्ध मंत्र म्हणतात ना, तो याच सूत्राच्या नावाचा. केन्जी तोच मंत्र म्हणत गावातून फिरायचा आणि वडिलांना मान खाली घालावी लागायची.

1921 च्या जानेवारीत तो घर सोडून सरळ टोकियोला पळाला. तिथे पोटापाण्यासाठी छपाईशी संबंधित किरकोळ काम, आणि उरलेल्या वेळात लिखाण. ढीगच्या ढीग लिखाण. सात-आठ महिन्यांत घरून निरोप आला की तोशी आजारी आहे. ट्रंकभर हस्तलिखितं घेऊन तो परतला.

तोशी म्हणजे त्याच्या पाठची बहीण, दोन वर्षांनी लहान. टोकियोच्या महिला विद्यापीठात शिकलेली, हुशार. अख्ख्या घरात केन्जीचं म्हणणं जिला कळायचं अशी ती एकटीच. तिला क्षयरोग झाला होता, आणि त्या काळी त्यावर औषध नव्हतं. 27 नोव्हेंबर 1922 ला ती गेली. वय 24. त्या दिवशी बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. तापाने फणफणलेल्या तोशीने भावाकडे तेच मागितलं, थोडं बाहेरचं बर्फ आण म्हणून. लहानपणी दोघं ज्यात जेवायचे ते वाडगे घेऊन केन्जी अंगणात धावला. या एका वाडगाभर बर्फावर त्याने कविता लिहिली, ती जपानमधली पोरं आजही शाळेत शिकतात.

त्यानंतर कित्येक महिने त्याच्याकडून कविता जवळपास झालीच नाही. 1923 च्या उन्हाळ्यात तो एकटाच उत्तरेला निघाला. आगगाडी, बोट, पुन्हा आगगाडी, थेट साखालिन बेटापर्यंत. कारण सांगायला होतं, विद्यार्थ्यांसाठी नोकऱ्या शोधायच्या म्हणून. पण त्या प्रवासातल्या कविता वाचल्या की कळतं, हा माणूस रात्रीच्या गाडीत खिडकीशी बसून बहीण कुठे गेली असेल याचाच विचार करत होता. आकाशगंगेच्या गाडीचं बी इथेच पडलं असं अभ्यासक मानतात. आता तो रिकाम्या सीटचा सीन पुन्हा आठवा.

मधल्या काळात केन्जी मास्तर झाला होता. गावच्या शेतकी शाळेत नोकरी, आणि पोरांचा एकदम लाडका. वर्गापेक्षा शेतात आणि डोंगरावर जास्त शिकवायचा, नाटकं लिहायचा, पोरांकडून बसवून घ्यायचा. 1924 मध्ये त्याने कवितांचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलं, हजार प्रती. त्याच वर्षी लहान मुलांच्या गोष्टींचं दुसरं पुस्तक आलं. दोन्ही पडून राहिली. हयातीत त्याची एवढी दोनच पुस्तकं निघाली. लेखनाचं मानधन म्हणून आयुष्यभरात त्याला एकदाच पाच येन मिळाले असं सांगतात.

आणि मग 1926 मध्ये त्याने ही चांगली पगाराची नोकरी सोडली. का? तर तो पोरांना सांगायचा की शिकून गावात राहा, शेती करा. आणि स्वतः महिन्याचा पगार घ्यायचा. हे त्याला पटेना. गावाबाहेर घराण्याचं एक रिकामं घर होतं, तिथे एकटा राहायला गेला, जमीन कसायला लागला. आसपासच्या तरुण शेतकऱ्यांना जमवून माती, खतं, पिकं असं सगळं शिकवायचा, फुकट. कुणाच्या शेताला कोणतं खत किती लागेल याचे हिशेब त्याने मांडून दिले, दोन हजारांच्या वर. संध्याकाळी रेकॉर्ड लावून बीथोव्हेन ऐकवायचा. स्वतः चेलो घेतला, तो शिकायला टोकियोला गेला. एस्पेरांतो भाषा शिकला. सिनेमात मधूनमधून एस्पेरांतोतल्या पाट्या दिसतात त्या याच कारणाने.

इथे तुम्हाला वाटेल, वा, आता गावाने त्याला डोक्यावर घेतलं असेल. नाही. बऱ्याच जणांना ही श्रीमंताच्या पोराची थेरं वाटली. भरल्या घरचा मुलगा, हौस म्हणून चिखलात उतरलाय. तरुण पोरं एकत्र जमतात म्हणून पोलिसांचाही संशय. आणि निसर्ग तर ऐकणारच नव्हता. खताचा हिशेब बरोबर असला तरी थंडी पडली की पीक आडवं. शेतात राबून, अर्धपोटी राहून 1928 मध्ये केन्जी स्वतःच आडवा झाला. फुफ्फुसं गेली. दोन-अडीच वर्षांत प्रयोग संपला. परत वडिलांच्या घरी, त्याच दुकानाच्या पैशावर.

थोडं बरं वाटल्यावर चुनखडीच्या कारखान्याची नोकरी धरली. आंबट मातीला चुना लागतो, तो शेतकऱ्यांपर्यंत पोचवायचा. 1931 च्या सप्टेंबरमध्ये जड नमुन्यांची ट्रंक घेऊन तो टोकियोला गेला आणि तिथेच कोसळला. घरी आणल्यावर नोव्हेंबरमध्ये अंथरुणातच एका छोट्या वहीत त्याने पेन्सिलीने काही ओळी खरडल्या. आपल्याला कसा माणूस व्हायचंय, त्याची यादीच म्हणा. छापायला दिली नाही, कुणाला दाखवली नाही. तो गेल्यावर ती वही त्याच्या ट्रंकेत सापडली. आज जपानमध्ये ती कविता पाठ नसलेला माणूस शोधावा लागेल. 2011 च्या त्सुनामीने हाच किनारा पुन्हा उद्ध्वस्त केला, तेव्हा अभिनेते केन वातानाबे यांनी तीच कविता वाचून लोकांना धीर दिला.

शेवटचा प्रसंग 20 सप्टेंबर 1933 चा. केन्जीची तब्येत अगदी हाताबाहेर गेलेली. संध्याकाळी एक शेतकरी आला, खताबद्दल विचारायचं होतं. त्याला हे आजारपण माहीत नव्हतं. घरच्यांना वाटलं, परत पाठवावं. केन्जी उठला, कपडे बदलून खाली आला, नीट मांडी मोडून बसला आणि त्या माणसाचं सगळं ऐकून, समजावून मगच वर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वारला. वय 37. जाण्याआधी वडिलांकडे त्याने एकच मागितलं, त्या सूत्राच्या हजार प्रती छापून लोकांना वाटा. ज्या पंथावरून आयुष्यभर भांडले त्याचंच पुस्तक, आणि वडिलांनी ते छापलं.

आकाशगंगेची गोष्ट तोवर पूर्ण झालीच नव्हती. 1924 च्या सुमाराला सुरू केलेली, चार वेळा नव्याने लिहिलेली, तरी मधली काही पानं नाहीतच. धाकटा भाऊ सेइरोकु याने ही सगळी हस्तलिखितं जिवापाड जपली. ऑगस्ट 1945 मध्ये हानामाकीवर बॉम्ब पडले, मियाझावांचं घर जळालं, पण कागद वाचले. म्हणून पुस्तकं निघाली, म्हणून 1982 मध्ये इसाओ ताकाहातांचा ‘गोश द चेलिस्ट’ आला आणि 1985 मध्ये मांजरांची ही गाडी सुटली.

मला सिनेमातला सगळ्यात जास्त लागलेला तुकडा विंचवाचा. मुंगसासारख्या एका प्राण्यापासून जीव वाचवायला पळणारा विंचू विहिरीत पडतो. बुडता बुडता त्याला वाटतं, मी इतक्यांना खाल्लं, मग एकदा याच्या तोंडी गेलो असतो तर त्याचा एक दिवस तरी निघाला असता. आता हे मरण फुकट. पुढच्या वेळी माझं शरीर कुणाच्या तरी कामी येऊ दे, अशी तो प्रार्थना करतो, आणि अंधारात लाल तारा होऊन जळत राहतो. गहाणवटीच्या दुकानातला मुलगा इथे स्वतःबद्दलच बोलतोय, हे त्याचं आयुष्य माहीत झाल्यावर लक्षात येतं. नोकरी सोडली ती चूक होती का? तब्येत सांभाळली असती तर अजून वीस वर्षं लिहिता आलं असतं का? मला याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही बघा विचार करून.

सिनेमा बघणार असाल तर रात्री बघा, फोन लांब ठेवा. गती फार संथ आहे, पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल, दम धरा. आणि नंतर एक काम करा. तो विंचू म्हणजे आपली वृश्चिक रास, आणि तो लाल तारा म्हणजे ज्येष्ठा. उन्हाळ्याच्या रात्री दक्षिणेला सहज दिसतो. केन्जीची गाडी उत्तरेच्या हंसापासून निघते आणि दक्षिणेच्या क्रूसापर्यंत जाते. आपण त्याला त्रिशंकू म्हणतो. हानामाकी इतकं उत्तरेला आहे की तिथून हा त्रिशंकू कधीच क्षितिजावर येत नाही. केन्जीने तो आयुष्यात पाहिलाच नाही, नकाशावरूनच लिहिला. आपल्याकडून मात्र मे महिन्यात, रात्री नऊच्या सुमाराला, दक्षिणेला अगदी खाली तो दिसतो. गावाबाहेरच्या एखाद्या उघड्या माळावर जा, आणि त्याच्या वतीने एकदा बघून या.