गोदामाचा हिशेब मांडणारा माणूस

महायुद्ध म्हटलं की आपल्याला सेनापती आणि तोफा आठवतात. मला मात्र वाल्टर राथेनाऊ आठवतो. मी इलेक्ट्रिकलचा, आणि हा गडी चक्क आपल्याच जातकुळीतला!

जन्म १८६७, बर्लिन. वडील एमिल हे 'एईजी' या बलाढ्य विद्युत कंपनीचे संस्थापक. वाल्टरने १८८९ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतली, मग बिटरफेल्डच्या विद्युत-रसायन कारखान्यात काही वर्षं घाम गाळला. ज्यू असल्यामुळे सैन्यात अधिकारी होण्याचं दार त्याला बंद राहिलं. पुढे त्याच सैन्याचं त्याच्यावाचून अडलं!

ऑगस्ट १९१४. जर्मनीने लाखो सैनिक रेल्वेने सीमेवर पोचवले, तेही वेळापत्रकाबरहुकूम. पण युद्ध झटपट संपणार असं धरून चाललेले. कच्च्या मालाचा दीर्घ हिशेब कोणी केलाच नव्हता. ब्रिटनने समुद्र अडवला तर तांबं, रबर, चिलीचं नायट्रेट येणार कुठून? आणि नायट्रेट नाही तर दारूगोळा नाही. हा प्रश्न घेऊन राथेनाऊ युद्धमंत्री फाल्केनहाइनकडे गेला. त्याच महिन्यात कच्च्या मालाचा खास विभाग निघाला आणि सूत्रं या बिनवर्दीच्या माणसाकडे आली.

आधी त्याने कारखान्यांकडून साठ्याची माहिती मागवली. बराचसा माल काही महिनेच पुरणारा निघाला. मग युक्ती अशी, की माल मालकाच्याच गोदामात राहील, पण वापर फक्त युद्धासाठी. धातू, रसायनं वगैरेंसाठी वेगळ्या कंपन्या काढून वाटप सुरू झालं. हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रेट बनवण्याचे कारखानेही वाढवले गेले. १९१५ च्या वसंतात घडी बसवून तो बाहेर पडला.

धान्य मात्र या विभागाच्या कक्षेत नव्हतं. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मन जनतेने सलगमसारख्या कंदांवर दिवस काढले. कारखाने चालू, पोटं रिकामी!

इथेच मी अडखळतो. हा माणूस नसता तर युद्ध कदाचित लवकर आटोपलं असतं, कितीतरी पोरं घरी परतली असती. मग त्याच्या हुशारीला शाबासकी द्यायची की दोष? आपल्याला परीक्षेत 'कसं' विचारतात, 'कशासाठी' कोणी विचारत नाही.

१९२२ मध्ये तो परराष्ट्रमंत्री झाला. २४ जून १९२२ रोजी, उघड्या मोटारीतून कार्यालयाकडे जाताना, अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी त्याला ठार केलं. ज्या देशाचं गोदाम त्याने सांभाळलं, त्या देशातल्या काहींना तो शेवटपर्यंत परकाच वाटला.