मेचनिकॉफ यांचं दही आणि माणसाचा मेंदू

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांचे गुरू एली मेचनिकॉफ मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाहीत. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी हाफकिनना शिकवलं आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात कामही मिळवून दिलं.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकिवजवळच्या खेड्यातला. बुद्धी तल्लख, पण मन कमालीचं हळवं. पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी खंगलेली होती, की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये ती गेली आणि या माणसाने जगण्याची आशाच सोडली. आत्महत्येच्या प्रयत्नातून ते वाचले. पुढे दुसऱ्या पत्नीला, ओल्गाला, विषमज्वर झाला तेव्हा निराशेने पुन्हा घेरलं. त्यांनी तापाच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. दोघंही बरे झाले. आज याला आपण नैराश्याचा आजार म्हणू आणि उपचारही करू; तेव्हा तो स्वभाव समजला जाई.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झाल्या होत्या. शरीरातल्या काही पेशी परक्या वस्तूला घेरून गिळतात, हे त्यातून पुढे आलं. या कामासाठी १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एहर्लिश यांच्यासोबत मिळालं.

तोवर त्यांचं लक्ष आतड्याकडे वळलं होतं. मोठ्या आतड्यातले काही जिवाणू अन्न कुजवतात, त्यातून विषारी द्रव्यं रक्तात जातात, रक्तवाहिन्या आणि मेंदूच्या पेशी झिजतात आणि अकाली म्हातारपण येतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. आंबट दुधातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि आम्लात कुजवणारे जिवाणू तग धरत नाहीत, म्हणून ते स्वतः रोज विरजलेलं दूध घेत. बल्गेरियातले दही खाणारे शेतकरी दीर्घायुषी असतात, हा त्यांचा दाखला तसा कच्चाच होता; पण युरोपभर दह्याची लाट आली. औषधाच्या दुकानात जिवाणूंच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. आजची प्रोबायोटिकची जाहिरात त्याच लाटेवर तरंगते आहे.

या विचाराचं टोक भयंकर निघालं. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन हे शल्यविशारद बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच काढू लागले. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेड बरं करायचं म्हणून रुग्णांचे दात आणि आतडी काढली. त्यात कितीतरी रुग्ण दगावले.

तरीही मूळ कल्पना सगळीच चुकीची नव्हती. १८९३ मध्ये रशियातच पावलोव आणि सहकाऱ्यांनी आतड्याकडून येणारं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाईल अशी शस्त्रक्रिया कुत्र्यांवर केली. मांस खाल्लं की ती कुत्री चिडखोर, भ्रमिष्ट होत. कारण अमोनिया. आतड्यातले जिवाणू प्रथिनांपासून तो बनवतात, निरोगी यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं. यकृत निकामी झालं, की तो मेंदूपर्यंत पोहोचतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार काही पुस्तकातला नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असली तरी मोहाची दारू घरोघरी ओळखीची आहे, आणि कावीळ ब देखील यकृत खराब करतेच. असा माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, घरच्यांवर धावून जातो, पुढे केलेले हात पंख फडफडावेत तसे हलतात. गावाला वाटतं, बाहेरची बाधा झाली. पुजाऱ्याकडे दोन दिवस जातात आणि तेवढ्यात तो बेशुद्ध होतो. खरं तर लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध आणि आतड्यापुरतं काम करणारं प्रतिजैविक वेळेत मिळालं, तर बरेच रुग्ण भानावर येतात. लॅक्टुलोजपासून आतड्यातले जिवाणू आम्लच बनवतात, आणि त्या आम्लात अमोनिया अडकून शौचावाटे निघून जातो. मेचनिकॉफ यांचा तर्क इथे बराच जवळ पोहोचला होता. अशा रुग्णाला बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, दिवसातून दोन-तीनदा सैल शौच व्हायला हवं. डाळ, अंडी मात्र परस्पर बंद करू नयेत.

नैराश्याचं काय? २००४ मध्ये जपानमध्ये जिवाणूविरहित वाढवलेले उंदीर ताणाखाली जास्त बिथरतात असं दिसलं. २०११ मध्ये एका लॅक्टोबॅसिलस जिवाणूने उंदरांची भीती कमी झाली, पण पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस कापल्यावर तो परिणाम उरला नाही. हे उंदरांचं झालं. माणसाचं नैराश्य दह्याने बरं होतं असा पुरावा नाही, त्यामुळे चालू गोळ्या बंद करून ताक पिणं धोक्याचं. उन्हाळ्यातली ज्वारीची आंबील खुशाल प्यावी, फक्त शिजवताना तिच्यातले जिवाणू मरतात. जिवंत राहतात ते वरून घातलेल्या ताकातले.

मेचनिकॉफ १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये हृदयविकाराने वारले, वयाच्या ७१ व्या वर्षी. मृत्यूनंतर आपली आतडी नीट तपासा, असं त्यांनी सहकारी डॉक्टरला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.