दुष्काळाने शिकविलेली सेवा : पंडिता रमाबाई

दौंड तालुक्यातील कासुर्डीहून पूर्वेकडे गेले की केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशन आपणा सर्वांना ऐकून ठाऊक आहे. दरिद्री देशातील एका विधवेने ते कसे उभारले, याचे स्मरण उद्बोधक ठरेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले; आईने ती विद्या लेकीला दिली. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आईवडील व थोरली बहीण निवर्तली. रमाबाई व बंधू श्रीनिवास उपाशीपोटी देशभर पायी हिंडले. १८७८ साली कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला. १८८० साली विवाह झाला. दोनच वर्षांत पती वारले. पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा स्वीकारला. पुढे अमेरिकेत ग्रंथ व व्याख्यानांद्वारे बालविधवांचे दुःख मांडून दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन मिळविले. परंतु तेथे न राहता त्या मायदेशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू केले. पुढे ते पुण्यास आले. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी कार्य थांबले नाही. सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या, आणि कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम उघडला. अशा रीतीने एका घरातील शिक्षण दुसऱ्या घरी पोहोचले.

परदेशी मदतीची मुदत संपणार, हे ओळखून रमाबाईंनी केडगावी शेतजमीन घेतली. विहिरी खोदल्या, फळबाग लावली. इतक्यात १८९६–९७ चा दुष्काळ आला. उपासमार स्वतः भोगलेल्या रमाबाईंना निराधार मुलींवर कोणते संकट ओढवते, हे सांगावे लागले नाही. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. १९०० साली गुजरातमधूनही अनेक आल्या. केवळ अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई असे उद्योग मुलींना शिकविले. अंध मुलींसाठी ब्रेल लिपी आणली.

१९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

धन परदेशातून आले. पण ते कोणासाठी व कसे वापरावे, याची जाण येथल्याच दुःखातून आली होती. आपल्या गावातील गरज आपणच प्रथम ओळखतो. ती ओळखून, मदत घेणाऱ्याला स्वतःच्या पायांवर उभे करणे, ही सेवा आपल्या तुटपुंज्या साधनांतही घडू शकते.