डॉ. रखमाबाई : बायकांना दवाखान्याची वाट दाखवणाऱ्या डॉक्टर



घरात बाळ येणार म्हटले की आज आपल्या आदिलाबादेत आई-आजी आधी दवाखान्यात नाव नोंदवायला सांगतात. वजन, रक्तदाब, रक्ताची तपासणी, धनुर्वाताचे इंजेक्शन, हे सारे बाळंतपणाआधीच होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. बाळंतपण घरीच सुईणीच्या हातून होई. बाई अडली तरच दवाखाना आठवे आणि तोवर बहुधा उशीर झालेला असे. ही रीत बदलावी म्हणून आयुष्य वेचणाऱ्या डॉ. रखमाबाईंची ही ओळख.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावण्यात आले. पण त्या आईकडेच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या आणि शिकल्या. मोठेपणी त्यांनी सासरी जाण्यास नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. सासरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ साली लागला. त्यांनी तुरुंगाची तयारी ठेवली! अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढच्याच वर्षी त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

डॉक्टर होऊन परतल्यावर १८९५ साली त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. रुग्णालय होते, डॉक्टर होत्या. पण बाळंतपणासाठी बायका येईनात. दवाखान्यात गेलेली परत येत नाही, अशी भीती घरोघरी होती. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून ठेवली, असे सांगतात. शेळी सुखरूप व्यायली आणि हळूहळू बायकांची भीड चेपली.

गरोदरपणीच तपासणी व्हावी, हा विचार तेव्हा विलायतेतही नवा होता. एडिनबरोच्या प्रसूती रुग्णालयात १९०१ साली गरोदर स्त्रियांसाठी पहिली खाट राखली गेली. पायांवरची सूज, फिकट पडलेला चेहरा, डोळ्यांपुढे येणारी अंधारी ही धोक्याची चिन्हे वेळीच ओळखली तर दोन जीव वाचतात. पण त्यासाठी बाईने आधी दवाखान्याची पायरी चढायला हवी. रखमाबाईंचे मोठेपण इथेच आहे.

सुरतेनंतर त्यांनी राजकोटला सेवा केली. सुमारे ३५ वर्षे रुग्णसेवा करून त्या निवृत्त झाल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या जिल्ह्यात डोंगरातल्या गुड्यांवरून दवाखाना आजही लांब पडतो. पालकांनो, घरातली सून असो वा शेजारची लेक, तिला पहिल्या तीन महिन्यांतच तपासणीला न्या. मुलींनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर किंवा नर्स होऊन याच गुड्यांवर गेली, तर रखमाबाईंना खरे अभिवादन घडेल.